आठ मिनिटे

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ नाही. एकच घड्याळ आहे, ते बाबांच्या मनगटावर असते, आणि तेही मुळात आजोबांचे. एच. एम. टी. चे, किल्ली द्यावी लागणारे. आजोबा इथल्या एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. एका दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी ते घेतले असे आजी सांगते, आणि त्या वर्षी तिला लुगडे मिळाले नाही, हेही ती न विसरता सांगते.

आजीच्या मते घड्याळाची तेव्हा गरजच नव्हती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या त्या गिरणीचा भोंगा पाचपावलीपर्यंत ऐकू येई. "भोंगा झाला का चूल पेटवाची, दुसरा झाला का डबा बांधाचा. इतकंच मले ठाऊक. घड्याळ त् तुह्या आज्याची हौस होती, बाप्पा!" आज गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे आणि भोंग्याची आठवण आजीच्या पिढीबरोबर विझत चालली आहे.

आजोबांनंतर ते घड्याळ बाबांकडे आले. रोज रात्री जेवण झाले की बाबा खाटेवर बसून त्याला किल्ली देत, कानाशी धरून ऐकत आणि ट्रान्झिस्टरवर बातम्यांच्या आधी वाजणाऱ्या टिकटिकीवर काटा जुळवून घेत. दिवसाला अर्धे मिनिट मागे-पुढे झाले तरी त्यांना चालत नसे. शाळा त्यांनी सातवीत सोडली. परंतु हा त्यांचा रोजचा गृहपाठ मी जन्मल्यापासून एकदाही चुकलेला पाहिला नव्हता. आणि म्हणूनच गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांनी रेडिओ न लावताच काटा पुढे सरकवला, तेव्हा माझ्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

त्याचे असे झाले. बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. पाचपावलीहून तिथवर सायकलने तास लागतो, पाऊस असला तर सव्वा. पाळी सकाळी आठची. फाटकाशी बोट टेकवायचे यंत्र आहे. ते आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत गप्प बसते, त्यानंतर बोट टेकले की अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत बाबांचे असे सात अर्धे दिवस गेले. म्हणजे साडेतीन दिवसांची मजुरी. ज्यांच्या घरी महिन्याच्या पंचवीस तारखेला तेलाची बाटली उपडी करून ठेवावी लागते, त्यांना साडेतीन दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. माझ्या परीक्षेच्या अर्जाचे पैसे त्या महिन्यात आईने शेजारच्या काकूंकडून आणले.

बाबांचे म्हणणे एकच होते : मी वेळेत पोचतो. सुपरवायझरचे म्हणणेही एकच होते : तुमचे घड्याळ मागे आहे. बाबांनी मोबाइल दाखवला, तेव्हा तो म्हणाला की मोबाइलचे घड्याळ कुणीही पुढे-मागे करू शकतो, यंत्र कुणाच्या बापाचे नाही. त्या रात्री बाबांनी आजोबांचे घड्याळ यंत्राशी जुळवले. आठ मिनिटे पुढे.

"बाबा, पण रेडिओचं तर बरोबर असते ना?" मी विचारले.

"रेडिओचं खरं असंन. पन पगार रेडिओ देत नाई, पोरी."

त्यानंतर आमच्या घरी ट्रान्झिस्टर लागला नाही. आई आठ मिनिटे आधी उठू लागली, बाबा आठ मिनिटे आधी निघू लागले, डब्यातली भाजी कधीकधी कच्ची राहू लागली. अर्धे दिवस कापले जाणे थांबले, हे खरे. मग माझे दुखणे काय होते? मलाही ते नीट सांगता येत नसे. इतकेच वाटे, की ज्या माणसाने एवढी वर्षे रोज रात्री खरी वेळ निगुतीने लावली, त्याच्याच हातून कुणीतरी खोटी वेळ लावून घेतली आहे.

याच सुमारास इतिहासाच्या तासाला आमच्या सरांनी एक हकीकत सांगितली. पूर्वी प्रत्येक गावाची दुपार त्याच्या डोक्यावरच्या सूर्याने ठरे. रेल्वे आली (नागपूरला ती १८६७ साली आली) आणि हा कारभार चालेनासा झाला. गाडी मुंबईच्या वेळेने सुटणार आणि नागपूरच्या वेळेने पोचणार, मग वेळापत्रक छापायचे कसे? म्हणून रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली. मद्रासहून तारेने रोज खूण येई आणि स्टेशनास्टेशनांतली घड्याळे तिच्यावर लावली जात. दूरच्या एका घड्याळाला विचारून आपले घड्याळ लावण्याची रीत आपल्याकडे एवढी जुनी आहे!

मुंबईकरांनी मात्र ही पाहुणी वेळ सुखासुखी स्वीकारली नाही. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याचे कॉलेज ज्यांच्या नावाचे आहे, तेच) मुंबईवर मद्रासची वेळ लादली. लोकांनी ती जुमानली नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे १९०६ च्या १ जानेवारीला साडेब्याऐंशी रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. त्याच महिन्यात मुंबईच्या कापडगिरणीतल्या काही हजार कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. शहरात तर १९५५ पर्यंत जुना 'बॉम्बे टाइम' कुठे ना कुठे टिकून होता.

वर्गात कुणीतरी हसले. एकोणचाळीस मिनिटांसाठी संप! मला हसू आले नाही. गिरणीतल्या माणसाला काळोखात उठावे लागणार होते, म्हणून तो चिडला होता. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आपले नागपूर सुमारे एकोणऐंशी रेखांशावर, थोडे त्याच्या पूर्वेला. एका रेखांशाला चार मिनिटे. म्हणजे मिर्झापूरच्या मानाने आपला सूर्य साडेतेरा मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. झिरो माइलचा खांब आपल्या गावात असल्याचा आपल्याला केवढा अभिमान, पण वेळेच्या बाबतीत आपण पहिल्यापासूनच दुसऱ्याच्या घड्याळाने चालतो. त्या साडेतेरा मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही, कारण ती सगळ्यांनी मिळून सोसायची आहेत. परंतु बाबांची आठ मिनिटे कुठल्या रेखांशाची होती?

आता वाचकांना मला संगणक कक्षात न्यायचे आहे. कलाशाखेच्या मुलीने पायथन शिकावी की नाही, यावर आमच्या घरी वाद झाला नाही, कारण पायथन म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हते. आजीला अजगर एवढा अर्थ सांगितला तेव्हा तिने हात जोडले. तीन महिन्यांच्या त्या वर्गात मी बेरीज करणारा, नावे लावणारा, गुणपत्रिका काढणारा असे चार-पाच प्रोग्रॅम लिहिले होते. एकदा मॅडमना विचारले, "ज्याचे काटे कुणाला हाताने फिरवता येत नाहीत असे घड्याळ असते का?" त्या म्हणाल्या, "असते. दिल्लीला आहे. आणि त्याला तू इथून वेळ विचारू शकतेस."

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आपली प्रमाणवेळ राखली जाते, ती सीझियमच्या अणुघड्याळांवर. सीझियमच्या अणूशी निगडित लहरीची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने झाली की एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ साली जगाने मान्य केली. त्या घड्याळांना जोडलेला एक संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, विचारणाऱ्याला वेळ सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये तर केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने कंपन्यांना आणि कार्यालयांना आपली संगणकीय घड्याळे याच किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी जुळवून ठेवायला सांगितले. फाटकावरच्या त्या यंत्रापर्यंत ही गोष्ट पोचली नसावी.

विचारण्याची पद्धत इतकी साधी आहे की मला आधी खरेच वाटेना. अठ्ठेचाळीस बाइटांचे एक पाकीट पाठवायचे. पहिल्या बाइटमध्ये २७ हा आकडा, पुढे सत्तेचाळीस शून्ये. त्या २७ चा अर्थ एवढाच, की मी गिऱ्हाईक आहे, मला वेळ हवी आहे. उत्तरही अठ्ठेचाळीस बाइटांचेच येते आणि त्यातल्या शेवटच्या आठांपैकी पहिल्या चारांत सेकंदांचा एक प्रचंड आकडा असतो. कॉलेजमधून उत्तर येईना. सुरक्षेसाठी तो दरवाजा बंद असतो असे मॅडम म्हणाल्या. मग मोबाइलवरच पायथन चालवणारे ॲप घेतले आणि घरी, चुलीजवळ बसून, पहिल्यांदा दिल्लीला वेळ विचारली.

उत्तर आले : सन २०९५!

आजीला मी ते सांगितले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मंग मी कवाचीच गेली असंन." चूक माझी होती. हा सर्व्हर सेकंद मोजतो १ जानेवारी १९०० पासून, आणि पायथन मोजते १ जानेवारी १९७० पासून. मधली सत्तर वर्षे वजा करायला हवीत. सत्तर वर्षे, त्यात सतरा लीप वर्षे, म्हणून २५,५६७ दिवस, म्हणून २,२०,८९,८८,८०० सेकंद. हा गुणाकार मी हाताने केला, कारण पुस्तकातला आकडा डोळे मिटून लिहायचे मला धाडस झाले नाही. वजाबाकी केल्यावर वर्ष बरोबर आले, पण भर दुपारी दोन वाजता सकाळचे साडेआठ दिसू लागले. सर्व्हर जागतिक वेळ देतो. आपले साडेपाच तास आपणच मिळवायचे. ते मिळवले आणि पडद्यावर दिवस, तास, मिनिट, सेकंद असे सगळे नीट उभे राहिले. खरे सांगते, बारावीच्या निकालालाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

यात एक मेख आहे. पाकीट दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत थोडा वेळ जातोच, मग उत्तर हाती येते तेव्हा ते शिळे नसते का? यावरचा तोडगा पत्रव्यवहाराच्या उदाहरणाने समजतो. मी माझ्या घड्याळाने दहाला पत्र टाकले. समोरच्याने 'तुझे पत्र दहा वाजून दहा मिनिटांनी मिळाले, लगेच उत्तर देतो' असे लिहिले. उत्तर माझ्या हाती दहा वाजून चार मिनिटांनी आले. जायला-यायला मिळून चार मिनिटे, म्हणजे एका बाजूला दोन. माझ्या दहा वाजून दोन मिनिटांना त्याची दहा वाजून दहा झाली होती. मी आठ मिनिटे मागे. संगणक हाच हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागात करतात.

ही रीत बसवली अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स नावाच्या प्राध्यापकांनी. तिचा पहिला मसुदा १९८५ चा. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल हे तिचे नाव. मिल्स यांना जन्मापासून काचबिंदू होता आणि उतारवयात त्यांची दृष्टी पूर्ण गेली. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. जगातल्या घड्याळांना एकमेकांशी बोलायला शिकवणाऱ्या माणसाला शेवटी घड्याळाचा काटा दिसत नव्हता, हे वाचून मी बराच वेळ मोबाइल बाजूला ठेवून बसले होते.

पण दिल्लीची वेळ माझ्या हाती आली म्हणून फाटकावरच्या यंत्राची वेळ मला कशी कळणार? मला तिथे प्रवेश नाही, आणि बाबांना प्रोग्रॅम चालवता येत नाही. आत जाताना मोबाइलही जमा करावा लागतो. यावर उपाय सापडला तो आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा : मिस्ड कॉल. बोट टेकताच, मोबाइल जमा करण्याआधी, बाबांनी मला एक मिस्ड कॉल द्यायचा. घंटी वाजली की मी बटण दाबायचे. प्रोग्रॅम त्याच क्षणी दिल्लीला वेळ विचारून वहीत लिहावी तशी लिहून ठेवील. कॉल लावल्यापासून घंटी वाजेपर्यंत किती वेळ जातो, ते आम्ही घरी दहा वेळा करून पाहिले. सरासरी पाच सेकंद. तेवढे वजा.

"हे काय खेळ करून राह्यली तू?" बाबा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली. तिसऱ्याही. एकदा मी न्हाणीत होते तेव्हा वाजली, तो दिवस फुकट गेला; एकदा बाबांनी चुकून मावशीला कॉल दिला आणि तिने घाबरून तीन वेळा उलटा फोन केला. महिनाअखेर माझ्याकडे अठरा दिवसांच्या नोंदी जमल्या. पगाराच्या चिठ्ठीबरोबर हजेरीचा छापील कागद मिळतो, त्यावर येण्याच्या वेळा असतात. मी दोन्ही शेजारी ठेवले. छापील कागदावर सेकंद नसतात, म्हणून एक मिनिटाचे इकडे-तिकडे होणारच. अठराच्या अठरा दिवशी यंत्र पुढे होते. सात मिनिटांहून कमी एकदाही नाही, सव्वाआठ मिनिटांहून जास्त एकदाही नाही.

कुणी मुद्दाम काटे फिरवले असतील असे मला वाटत नाही. असल्या यंत्रातले स्फटिकाचे घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद सहज चुकते. वर्षभर त्याला कुणी विचारलेच नाही, तर आठ मिनिटे होतात. न विचारणे एवढाच गुन्हा. पण चुकायचे ते पुढेच चुकले आणि मजुराच्या बाजूने चुकले नाही, हे मी अजून विसरू शकत नाही.

मी सुवाच्य अक्षरात तक्ता काढला. खाली बेरीज, सरासरी, दिल्लीच्या प्रयोगशाळेचे नाव, सगळे लिहिले. सात अर्ध्या दिवसांची मजुरी परत मिळावी असा अर्जही लिहिला. बाबांनी तक्ता दोनदा वाचला. अर्ज घडी करून परत दिला.

"हा नाई देत मी."

मी खूप बोलले. १९०६ चे कामगार, मुंबई, सगळे काढले. बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "ते हजारो होते, पोरी. मी सायकलवर एकटा जातो." मी त्या रात्री जेवले नाही. आज मला वाटते, माझे चुकले आणि त्यांचेही थोडे चुकले. पण त्यांच्या जागी उभे राहून अर्ज देण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही, तेव्हा निकाल द्यायचा मला अधिकार नाही.

तक्ता मात्र त्यांनी खिशात ठेवला होता. दहा-बारा दिवसांनी यंत्राची देखभाल करणारा मुलगा कारखान्यात आला. बाबांनी साहेबांकडे न जाता तो कागद त्याच्यापुढे धरला. "पोट्टा तुह्याएवढाच होता," त्यांनी घरी येऊन सांगितले, "पाहून म्हने, काका, हे कोनं काढलं? म्या म्हटलं, माह्या पोरीनं. बी. ए. ले हाये." त्या मुलाने दोन मिनिटांत वेळ दुरुस्त केली. कुणी काही बोलले नाही. कापलेले साडेतीन दिवस परत आले नाहीत.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबा खाटेवर बसले, घड्याळ काढले आणि त्याची किल्ली बाहेर ओढून धरली. ट्रान्झिस्टर कोनाड्यातच होता. मी तो आणायला उठले.

"राहू दे," ते म्हणाले. "त्या दिल्लीवाल्याले इचार. किती वाजले?"

मी मोबाइल हातात घेतला. पाकीट गेले, उत्तर आले. नऊ वाजायला अकरा सेकंद कमी होती. बाबांनी काटा मागे फिरवून बरोबर नवावर आणून ठेवला होता आणि अंगठा किल्लीवर टेकवून ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. आई भांडी घासायची थांबली. मी मोठ्याने सेकंद मोजू लागले.

"आता," मी म्हणाले, आणि बाबांनी किल्ली दाबली.